वेणूबाईंच्या धवळ्यांचा बॅकअप

माझ्या दुकानात येणारा माणूस आधी दारातून आत डोकावतो आणि विचारतो, "साहेब नाहीत का?" घणसोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायला लागून मला एकवीस वर्षं झाली, पण या प्रश्नाचं वय काही वाढलेलं नाही. पूर्वी मी "साहेब मीच" असं जरा ताठ्यात सांगायचे. आता नुसती खुर्ची पुढे सरकवते आणि म्हणते, "बसा, काय झालंय?" माणूस बसतो, पाच मिनिटांत मशीनची सगळी कुंडली मांडतो, आणि जाताना "मॅडम, तेवढं बघा हं, टेन्शन आलंय" असं सांगून जातो. पोटात दुखत असलं की डॉक्टर बाई आहे की बाप्या हे कुणी बघत बसत नाही.

यंदा माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, म्हणून दुकान फक्त सकाळचे चार तास उघडं असतं. बाकी वेळ घरी. दिवाळी अंकाच्या संपादकबाई आमच्याच सोसायटीत राहतात. त्या म्हणाल्या, "धंद्यातल्या गमती लिहा की." गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले तेव्हा एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहिली, आणि ती सगळीच गमतीची नाही.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. बॅकअप दोन तऱ्हेचे असतात. एक साधा. त्यात तुमच्या फायली, फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायचे. घर बदलताना भांडीकुंडी आणि कपडे नेतो ना, तसं. दुसरा इमेज बॅकअप. यात अख्खं घरच उचलायचं, भिंती-खिडक्यांसकट, आणि मिठाची बरणी ओट्यावर जिथे होती तिथेच. कॉम्प्युटर बसला की ती इमेज त्यावर परत उतरवायची, आणि तो त्या दिवशी होता तसाच्या तसा उभा राहतो.

यात एक मेख आहे. त्या दिवशी होता तसा, म्हणजे अगदी तसाच. त्यानंतर तुम्ही जे काही केलं ते इमेजमध्ये नसतं. आणि ज्या डिस्कवर इमेज उतरवता तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणून माझा पहिल्यापासूनचा नियम आहे, की आजारी डिस्क कितीही मेलेली दिसो, आधी तिची नक्कल काढून बाजूला ठेवायची आणि मगच इमेजला हात घालायचा. हा नियम मी ठळक अक्षरांत लिहून दुकानाच्या भिंतीवर लावलाय. गिऱ्हाइकांना तोंडपाठ म्हणून दाखवते. लोकं कंटाळून मान हलवतात.

बॅकअपच्या बाबतीत माणसं काय काय करतात हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. सानपाड्याचे एक निवृत्त साहेब लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच बॅगेत ठेवायचे. एके दिवशी बॅग रिक्षात राहिली. मला म्हणतात, "पण मी बॅकअप घेतलेला होता!" एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी सात वर्षांच्या मिनिट्सचा बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवला होता, म्हणजे किल्ली कुलपालाच बांधून ठेवल्यासारखं. कोपरखैरण्याच्या एका क्लासवाल्या बाईंनी दसऱ्याला डिस्कची यथासांग पूजा केली, आणि हळदकुंकू थेट वायर जोडायच्या तोंडात भरलं. मी दात घासायचा जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन तासभर ते तोंड साफ करत बसले होते. पुढच्या दसऱ्याला सकाळी सकाळी त्यांचा फोन आला, "मॅडम, कुंकू नक्की कुठं लावू?" मी म्हटलं, "पाठीवर लावा, तोंडात नको." अजून दर दसऱ्याला त्यांचा शुभेच्छांचा मेसेज येतो.

माझे गुडघे अजून धड होते तेव्हा माधवी आली, एका भर दुपारी, रिक्षातून. कॉम्प्युटरचा डबा एका जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळून, बाळ घेऊन बसावं तसा मांडीवर घेऊन. चाळिशी ओलांडलेली, ऑफिसात काम करणारी बाई. तिनं साहेबांची चौकशी केली नाही. सरळ विचारलं, "मॅडम, हळद सतरा दिवसांवर आलीये. होईल ना तोपर्यंत?"

"कोणाची हळद?"

"माझ्या मुलीची. तन्वीची. पण हे तिच्यासाठी नाही, सासूबाईंसाठी आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. माधवी मूळची साताऱ्याकडची. लग्नाआधी तुर्भ्यात एका छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करायची. तळवलीच्या हेमंत पाटलांशी लग्न झालं आणि ती आगरी घरात आली. तिच्या सासूबाई, वेणूबाई, पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. धवळे म्हणजे आगरी-कोळी लग्नातली विधींची गाणी. मांडवाच्या मेढीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवळा, आणि पुढे बसून ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिनं ओळ म्हणायची, मागच्या बायकांनी ती झेलायची. तळवलीत अजूनही काही घरांत भटजींच्या आधी वेणूबाईंना आवतण जातं.

हे धवळे कुठेच लिहिलेले नव्हते. माधवीनं ते लिहून घ्यायचं ठरवलं, तर सासूबाईंनी दोन अटी घातल्या. पहिली अट, मांडव नसताना धवळा गायचा नाही, नुसते शब्द सांगायचे. त्यामुळे रेकॉर्डिंग बाद. दुसरी अट अशी, की कागदावर उतरवायचं नाही.

"कागदावर का नाही?" मी विचारलं.

माधवी हसली. "आई म्हणाल्या, 'कागूद पायाखाली येतो. उद्या त्याच्यान कुनीतरी बोंबील बांधल. देवाची नावं हायत त्याच्यान.' मग मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये चालेल का? त्यांनी येऊन टेबलाभोवती एक चक्कर मारली. म्हणाल्या, 'ह्याच्यावर कुनी पाय देत नाय ना? मंग चालल.'"

अशी अकरा वर्षं ती रविवारी दुपारी सासूबाईंना शेजारी बसवून टाइप करत राहिली. बेचाळीस धवळे झाले. टाइप केले ते छापखान्यातल्या सवयीच्या जुन्या फॉन्टमध्ये, आणि तिथेच घोळ होता. त्या काळातले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी झबलं चढवल्यासारखे असत. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथे मराठी दिसतं, दुसरीकडे फाइल उघडली की नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे किडेमुंगे. छापखाना कधीच बंद झाला होता, फॉन्टची सीडी कुणाकडे नव्हती. तो फक्त त्या एका कॉम्प्युटरवर होता. आणि तो कॉम्प्युटर लाइट जाऊन आल्यावर काळा पडदा दाखवून गप्प झाला होता.

"पण घाई कशाची?" मी म्हटलं. "सासूबाईंना तर पाठ आहेत ना?"

माधवी लुगड्याची घडी घालत होती. ती थांबली. "होते," ती म्हणाली.

काही महिन्यांपासून वेणूबाई विसरायला लागल्या होत्या. वाशीच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. आदल्या महिन्यात शेजारच्या लग्नात त्या हळदीचा धवळा म्हणताना मध्येच थांबल्या. मागच्या बायका ओळीची वाट बघत राहिल्या. कुणीतरी हसलं. वेणूबाई उठून घरी आल्या, कडी लावून बसल्या. तेव्हापासून म्हणत होत्या, तन्वीच्या लग्नात दुसरी धवलारीण बोलवा.

"साठ वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरी नांदायला धाडल्या," माधवी म्हणाली. "स्वतःच्या नातीच्या मांडवात गप्प बसल्या तर त्या परत कधी उठायच्या नाहीत, मॅडम. मी ठरवलंय, त्यांच्या मागे बसायचं आणि अडल्या की हळूच ओळ सांगायची. त्यासाठी मला ते सगळं पाहिजे."

तिच्याकडे बॅकअपची डिस्क होती. मागच्या गणपतीच्या सुट्टीत ऑफिसमधल्या एकानं पूर्ण इमेज काढून दिली होती. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, "मग काळजी सोडा. उद्या संध्याकाळी फोन करते."

फोन मी तिसऱ्या दिवशी केला.

पहिल्या दिवशी बॅकअपची डिस्क दिसेचना. दुरुस्तीच्या सीडीवरून मशीन सुरू केलं, डिस्क लावली, तर मशीन म्हणे कुठलीच डिस्क नाही. ते कोडं तासाभरात सुटलं. मी डिस्क पुढच्या नव्या तऱ्हेच्या खाचेत लावली होती, आणि ती सीडी एवढ्या जुन्या काळातली की तिला ती खाच ओळखताच येत नव्हती. मागच्या जुन्या खाचेत लावली आणि डिस्क दिसली. पण आता दुसरंच सुरू झालं. मशीन म्हणे, डिस्क आहे, इमेज नाही. डिस्क भरलेली तर दिसत होती. मी वायर बदलली, सीडी बदलली, पुन्हा पुन्हा शोधायला लावलं. तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. जेवण गेलं नाही. त्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं, पण कडी लावून बसलेली ती मला सारखी दिसत होती.

शेवटी डिस्क माझ्या स्वतःच्या मशीनला लावून आत डोकावले, आणि कपाळावर हात मारला. डिस्कवर एकच फोल्डर होता. त्याचं नाव 'एकवीरा आई प्रसन्न'. इमेजचा खरा फोल्डर त्याच्या पोटात. दुरुस्तीच्या सीडीला इमेज दाराशीच लागते, ठरलेल्या नावानं. एक पायरी आत गेली की तिच्या लेखी ती नाहीच. मी माधवीला फोन लावला.

"ते हेमंतनं केलं असणार," ती म्हणाली. "आमच्याकडे दारावर आईचं नाव, स्कूटरवर आईचं नाव, पाण्याच्या टाकीवरसुद्धा. तो म्हणाला असेल, डिस्कवर नको का? आईच्या पदरात ठेवलं की भीती नाही."

मी मनातल्या मनात आईची क्षमा मागितली आणि फोल्डर तिच्या पदरातून काढून दाराशी आणून ठेवला. पुन्हा सीडी लावली. आणि पडद्यावर इमेज उमटली, गणपतीतल्या तारखेसकट! मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर करून बघितलं.

मशीननं विचारलं, आतल्या जुन्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

मी 'हो' म्हटलं.

भिंतीवरचा नियम माझ्या डोक्यावर दोन हातांवर लटकत होता. माझ्याच अक्षरातला. दोन दिवस इमेज मिळवण्याच्या नादात मी एवढी बुडाले होते, की मिळाल्यावर दुसरं काही सुचलंच नाही. नक्कल काढायला तासभर लागला असता. निदान फोन करून विचारायचं तरी, की गणपतीनंतर काही नवीन टाइप केलंय का? एवढंही केलं नाही. आनंदाच्या भरात माणूस गाढव होतो, दुसरं काय!

पाऊण तासात मशीन उभं राहिलं. मी फाइल उघडली आणि स्वच्छ मराठी अक्षरं दिसली. माधवी ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत आली. खुर्चीत बसून वाचायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही. मग ती एकेक धवळा खाली सरकवत गेली. सरकवता सरकवता तिचा हात थांबला.

"मॅडम, हे एकोणचाळीसच आहेत. शेवटचे तीन?"

ते तिनं दिवाळीच्या सुट्टीत टाइप केले होते, इमेज काढल्यानंतर. ते त्या आजारी डिस्कवर होते. आणि डिस्क मुळात मेलेली नव्हतीच, नुसती सुरू व्हायची विसरली होती. काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तर दहा मिनिटांत तिन्ही धवळे हातात आले असते.

मी तिला सगळं सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, डिस्कच खराब होती म्हणून. तिला कळलंही नसतं. पण तिच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "ते आईंच्या चांगल्या दिवसांतले शेवटचे होते."

पुढचे तीन दिवस मी पुसलेल्या डिस्कच्या मोकळ्या जागा धुंडाळत बसले. नवं जिथे लिहिलं गेलं तिथलं जुनं कायमचं जातं, पण मधेमधे काही तुकडे तगून राहतात. एका धवळ्याचा निम्मा तुकडा सापडला, फॉन्ट चढवल्यावर वाचता आला. दुसरा आणि तिसरा गेले ते गेलेच.

चौथ्या दिवशी मी तळवलीला गेले, माधवीच्या घरी, वेणूबाईंना तोंडावर सांगायला. आपल्या चुकीची कबुली फोनवर द्यायची नाही, हाही माझा एक नियम आहे, आणि तो तरी मी पाळला. वेणूबाई ओटीवर बसल्या होत्या. बारकुळ्या, गळ्यात जुन्या घडणीची माळ, डोळे अगदी लख्ख. आजारी आहेत असं कुणी म्हटलं नसतं. माधवी म्हणाली, "आई, या कॉम्प्युटरवाल्या मॅडम. ते तीन धवळे पुसले गेले."

"कुनी पुसलं?"

"मी," मी म्हटलं. "माझ्या हातून. मी आधी नक्कल काढायला पाहिजे होती, काढली नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का, बाय?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माधवीला आत पाठवलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आलं. मी मान खाली घालून जेवत होते. त्या शेजारी सरकल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी पन रोज पुसतंय, बाय. तू एकदाच पुसलंस."

आयुष्यात किती गिऱ्हाइकांनी किती बोलून घेतलं असेल, पण इतकं मला कुणी कधी सोडून दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी दुकान बंद करून तळवलीला जात होते. माझा लॅपटॉप घेऊन बसायचे, माधवी सासूबाईंना विचारायची, मी टाइप करायचे, या वेळी आजच्या फॉन्टमध्ये. निम्मा सापडलेला धवळा वेणूबाईंनी एका बैठकीत पुरा केला. माधवी एक ओळ वाचायची, की त्या पुढच्या चार सांगायच्या. मी कुठे 'आनी'चं 'आणि' करून टाकलं की माधवी म्हणायची, "तसं नाही, त्यांनी सांगितलं तसंच ठेवा." दुसऱ्याला दोन दिवस लागले. त्यात विहिरीवरच्या पाण्याचं वर्णन होतं. मधली एक ओळ काही केल्या येईना, ती शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या सखूबाईंनी कुंपणापलीकडून ओरडून सांगितली.

तिसरा होता पाठवणीचा. तो धवळा म्हणे फक्त वेणूबाईंच्या आईकडचा, दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मुलगी उंबरठा ओलांडते तेव्हा धवलारणीनं एकटीनं म्हणायचा, त्यात मागच्या बायका नाहीत. म्हणून दुसऱ्या कुणालाच तो पाठ नव्हता. वेणूबाई सुरुवात करायच्या आणि दोन शब्दांत दुसऱ्याच धवळ्यात शिरायच्या. त्यांना कळायचं आपण चुकलो. पुन्हा सुरुवात करायच्या. अशा दोन दुपारी गेल्या, तिसऱ्या दुपारी त्यांनी मांडीवर जोरात हात आपटला. "माना ठाव हाय तो! हितं हाय!" म्हणून छातीवर बोट ठेवलं. मग थकून भिंतीला टेकल्या. माधवीनं त्यांच्या पदरानंच त्यांचा चेहरा पुसला आणि म्हणाली, "आई, राहू द्या. एक नसला म्हणून काय बिघडतंय?" मी लॅपटॉप मिटला.

एक्केचाळीस धवळे मी असे करून दिले की माधवीच्या मोबाइलवर नीट दिसावेत. कागद नाही, त्यामुळे अट मोडली नाही.

हळदीला मला बोलावणं होतं. मांडवात बायकांच्या घोळक्यात बसवलं. वेणूबाई पुढे, त्यांच्या मागे माधवी, पदराआड मोबाइल. वेणूबाईंनी सुरुवात केली आणि मी थक्क झाले. एवढ्याशा कुडीतून तो आवाज! दोन धवळे सुरळीत झाले. तिसऱ्यात त्या अडखळल्या. माधवीनं ओळ सांगितली, गाडी पुढे गेली. पुन्हा अडखळल्या, पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा त्यांनी थांबून मागे वळून बघितलं. मला वाटलं, संपलं, आता उठून जातात.

त्यांनी माधवीचा हात धरला आणि तिला ओढून आपल्या पुढे बसवलं.

"तू बोल," त्या म्हणाल्या. "मी तुझे मागून बोलतंय."

"आई, मला चाल नीट येत नाही."

"अकरा वर्सं आयकतेस. बोल."

दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. साताऱ्याची सून, तळवलीच्या मांडवात धवलारीण! माधवीचा आवाज पहिल्या ओळीला कापत होता, पण तिनं ओळ म्हटली. वेणूबाईंनी ती मागून झेलली, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या बायकांनी. आता त्यांना काही आठवायचं नव्हतं. ओळ समोरून येत होती, त्यांनी फक्त ती म्हणायची होती, आणि त्या एखाद्या पोरीसारख्या डोलत म्हणत होत्या. हसण्याची कुणाची हिंमत झाली नाही. मी मात्र मनमुराद रडून घेतलं. हळदीत कुणी रडलं तर कुणी कारण विचारत नाही, तेवढं बरं असतं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. संध्याकाळी पाठवणीची वेळ आली. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तन्वी उंबरठ्यावर आली आणि सगळे थांबले, कारण इथे धवळा म्हणायचा असतो. माधवीच्या हातात मोबाइल होता, पण त्यात तो नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जराही तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ती सोसवेना. मी जमिनीकडे बघायला लागले.

वेणूबाईंनी नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सुरुवात केली.

नुसती चाल होती. शब्द नव्हते. आधी मला वाटलं, त्या ओळ शोधतायत, आता सापडेल. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. ओठ हलत होते, सूर कुठेही डगमगत नव्हता, जिथे थांबायचं तिथे थांबत होत्या, जिथे उंच जायचं तिथे जात होत्या. पण शब्द एकही नव्हता. पाठवणीला कुणी मागून म्हणत नाही, म्हणून बायका हात जोडून गप्प उभ्या होत्या. तन्वी आजीच्या तोंडाकडे बघत होती, सगळं समजत असल्यासारखी. चाल पुरी झाल्यावर ती वाकली, पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. वेणूबाई तशाच उंबरठ्याशी उभ्या होत्या. त्यांनी एका हातानं माधवीचा दंड धरला, दुसऱ्या हातानं माझा, आणि जरा घाबऱ्या आवाजात विचारलं, "सगला बोलले ना गो मी? काय ऱ्हायला त नाय ना त्याच्यातला?"

माधवीनं क्षणभरही वेळ लावला नाही.

"सगळा म्हणालात, आई. एक शब्द राहिला नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सगळा."